हजेरी

पत्र्याच्या चर्चमध्ये, शेवटच्या रांगेत,
जिचा एक पाय तारेनं बांधलाय
ती खुर्ची माझी.
मी प्रार्थनेला येत नाही.
मी सेल्विनला बघायला येतो.

आमच्यातून बाहेर पडायला दोनच दारं.
एक मातीखाली जातं,
दुसरं इथे उघडतं, सिस्टर देल्मीच्या कीबोर्डपाशी;
आणि हे दुसरं खोटं निघालं
तर माणूस पहिल्यातून जातो.
म्हणून मला नेमलंय.
चौदा वर्षांचा. बांदेरा. बांदेरा म्हणजे झेंडा.
एरवी कोपऱ्यावर उभा राहून पोलिसांच्या गाड्या मोजतो,
सध्या एका माणसाचा देव मोजतोय.

गणिताची वही आहे, चौकटींची.
सोमवार: आला. गुडघे टेकले.
मंगळवार: आला. बायबल डाव्या काखेत.
बुधवार: बाजारात एक बाई हसली,
हा मान खाली घालून टोमॅटो निवडत राहिला. कच्चेच घेतले.
गुरुवार: चामेलेकोनमध्ये पत्रे तापून कुरकुरत होते,
तरी याच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत.
गळ्यावर आमचं अक्षर आहे.
ते अजून देवालाही धुता आलेलं नाही.

शुक्रवारी मी काही लिहिलं नाही.

शुक्रवार त्याच्या भावाचा दिवस होता.
भावाला कुणी मारलं हे आमच्या गल्लीत कुणी विचारत नाही,
सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे.
पंक्चरच्या दुकानामागे, जुन्या टायरांच्या आडोशाला
सेल्विन उकिडवा बसला होता. हातात ग्वारोची बाटली.
एक घोट त्यानं मातीवर ओतला,
दुसरा स्वतः घेतला.
मग मी दिसलो.

वाटलं, पाया पडेल. खिशातून नोटा काढेल.
निदान म्हणेल, पोरा, घरी जा.
त्यानं अंधारात चाचपत बाटलीचं झाकण शोधलं, बराच वेळ,
सापडल्यावर घट्ट लावलं,
आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.
कुणी वडीलधारं आत आल्यावर लावतात, तसं.
दोघांत वडीलधारं कुणीच नव्हतं,
मी तर नाहीच.

शनिवारी मुक्यानं बोलावलं.
मुका आमचा वरचा. मुका नाहीये तो,
गोळ्या उधळतो, शब्द उधळत नाही, इतकंच.
त्याच्या गळ्यात सुयापाची माता, अंगठ्याच्या नखाएवढी;
कामगिरीवर निघताना तिला ओठांत धरतो.
त्यानं वही घेतली, पानं उलटली.
मुक्याला वाचता येत नाही.
पण कोरं पान कुणालाही वाचता येतं.
तिथे त्याचा अंगठा थांबला.

"खरंय का रे?"

हुकमाचा आवाज मला ओळखू येतो.
धमकीचा तर झोपेतही.
हा त्यातला नव्हता.
बाप उत्तरेला गेला त्या वर्षी
बसथांब्यावरून परत येताना
मी आईला असंच विचारायचो,
येणार ना? खरंच येणार ना?
आणि आई मक्याची भाकरी थापता थापता,
वर न बघता, म्हणायची, हो.

"हो," मी म्हणालो.

मुक्यानं वही परत दिली, उलटी.
माता ओठांत धरली.
त्या दिवशी कामगिरी कुठलीच नव्हती.

रविवारी सेल्विन आला. मान खाली.
माझ्याकडे बघितलं नाही, मीही नाही.
सिस्टर देल्मीच्या कीबोर्डची एक पट्टी दाबली की वर येत नाही,
तो सूर सगळ्या गाण्यांतून लांबत राहतो,
त्याच्यावर बाकीचे चढतात, उतरतात.
लोक उभे राहिले.
माझ्या मागे तार करकरली, खुर्ची सरकली,
म्हणजे मीही
उठलो असणार.